आधी विचारा, ‘कशापैकी?’

प्रश्न असा आला आहे: गणिताशी संबंध तुटून दहा-बारा वर्षं झाली. आता नोकरीत रोज तक्ते, टक्केवाऱ्या आणि अहवाल समोर येतात, म्हणून संभाव्यता आणि संख्याशास्त्र मुळापासून शिकायला घेतलं. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्यात गाडी रुतली. सूत्रं पाठ आहेत, पण उदाहरण समोर आलं की कुठलं लावायचं ते सुचत नाही. सुरुवात कुठून करावी, किती वेळ लागेल, आणि कॅल्क्युलसशिवाय जमेल का?

वीस-बावीस वर्षं मी आकड्यांवरच पोट भरतोय. आधी कारखान्यांमधली गुणवत्ता-तपासणी, नंतर सर्वेक्षणं, मधल्या काळात थोडंफार शिकवणंही. माझ्या मते तुमची अडचण सूत्रांची नाही, छेदाची आहे. संभाव्यता म्हणजे शेवटी एक अपूर्णांक. अंशात काय लिहायचं हे बहुतेकांना उमगतं; घोडं अडतं ते छेदापाशी. म्हणून पहिला महिनाभर एकच सवय लावून घ्या. कुठलीही शक्यता, कुठलाही टक्का कानावर आला की विचारायचं: कशापैकी?

तो रुतलेला धडा तूर्त बाजूला ठेवा. गोल टेबलाभोवती सात माणसं बसवायची, त्यातली दोघं एकमेकांशेजारी नकोत, ही कोडी आहेत. मजेदार आहेत, पण त्यांत महिनाभर घालवूनही संभाव्यता कशाशी खातात ते कळत नाही. मोजणी लागतेच, मात्र ती सुरुवातीला वहीत, सगळ्या शक्यतांची यादी मांडून करायची. सूत्र म्हणजे त्या यादीचा शॉर्टकट. मूळ रस्त्याने एकदाही न चालता शॉर्टकट पाठ केला की आपण नेमके कुठे आहोत हेच समजत नाही.

यादी कशी करायची, त्याचा एक जुना नमुना बघा. तीन फासे एकदम टाकायचे आणि बेरीज बघायची. ९ ही बेरीज सहा तऱ्हांनी येते: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० हीसुद्धा सहाच तऱ्हांनी येते: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. मग दोन्ही बेरजा सारख्याच वेळा पडायला हव्यात. पण मुरलेल्या जुगाऱ्यांचा अनुभव होता की १० थोडी जास्त वेळा पडते. हे कोडं गॅलिलिओपर्यंत गेलं आणि त्याने त्यावर एक छोटं टिपण लिहिलं. त्याचं उत्तर समजून घ्यायला तीन फासे तीन रंगांचे आहेत असं धरा: लाल, निळा, पांढरा. आता १-२-६ ही एक तऱ्हा राहत नाही. कुठल्या रंगावर कुठला आकडा, यावरून तिचे ६ प्रकार होतात. १-४-४ चे फक्त ३ होतात आणि ३-३-३ चा एकच. बेरीज करा: ९ साठी ६+६+३+३+६+१, म्हणजे २५. १० साठी ६+६+३+६+३+३, म्हणजे २७. कशापैकी? ६×६×६, म्हणजे २१६ पैकी. फरक २१६ त दोनाचा, एक टक्क्याहूनही कमी. (हा फरक ज्यांच्या लक्षात आला त्यांनी किती रात्री फासे टाकण्यात घालवल्या असतील, याची मला अजूनही गंमत वाटते.)

हे उदाहरण वाचून सोडू नका, स्वतःच्या हाताने लिहून काढा. पाठ्यपुस्तकात ‘समसंभाव्य निष्पत्ती’ असा जो भारदस्त शब्द असतो, त्याचा अर्थ इथे कळतो. यादीतली प्रत्येक ओळ सारख्याच वजनाची असेल तरच ओळी मोजून भागाकार करता येतो. दालांबेर हा अठराव्या शतकातला मोठा गणिती, पण तोही इथे घसरला. नाणं दोनदा उडवल्यावर निदान एकदा छाप पडण्याची शक्यता त्याने तीनपैकी दोन सांगितली, कारण पहिल्याच वेळी छाप पडली की खेळ संपला असं धरून त्याने तीनच ओळी लिहिल्या. खरं उत्तर चारपैकी तीन. असल्या माणसाचा छेद चुकतो, तर आपला चुकला म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

यानंतर ‘निदान एकदा’ची युक्ती शिका. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींमध्ये झालेल्या पत्रव्यवहारात एका जुगाराच्या शौकीन सरदाराचा प्रश्न आहे. एक फासा चारदा टाकला तर निदान एकदा ६ पडेल अशी पैज फायद्याची ठरते. मग दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर ६ पडेल ही पैजही तेवढीच चांगली का नाही? ४ भागिले ६ आणि २४ भागिले ३६ तर सारखेच! पण शक्यता अशा नुसत्या बेरजेने वाढत नाहीत. वाढल्या असत्या तर फासा सहा वेळा टाकल्यावर ६ ची खात्री झाली असती. उलट्या बाजूने जा: एकदाही न पडण्याची शक्यता काढा आणि ती १ मधून वजा करा. पहिल्या पैजेत पाच-षष्ठांशाचा चार वेळा गुणाकार करून १ मधून वजा केला की सुमारे ५१.८ टक्के मिळतात. दुसरीत ३५/३६ चा २४ वेळा गुणाकार, आणि उत्तर सुमारे ४९.१ टक्के. एक पैज तारते, दुसरी हळूहळू बुडवते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुक्काम: सशर्त संभाव्यता, म्हणजे एक गोष्ट घडल्याचं कळल्यावर दुसरीची शक्यता. इथे घाई केली की पुढचं सगळं कच्चं राहतं. ती काढायचं बेजचं सूत्र पाठ करू नका. निदान आत्ताच नको. त्याऐवजी टक्के बाजूला सारून माणसं मोजा. समजा, एक आजार २०० पैकी एकाला आहे. त्याची चाचणी आजारी माणसांपैकी ९८ टक्के जणांना बरोबर पकडते, आणि निरोगी माणसांपैकी ४ टक्के जणांना उगाचच ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो खरंच आजारी असण्याची शक्यता किती? वर्गात विचारलं की ९५ च्या आसपासची उत्तरं येतात. आता १०,००० माणसं डोळ्यांपुढे आणा. आजारी ५०, त्यातले ४९ पकडले जातात. निरोगी ९,९५०, त्यांचे ४ टक्के म्हणजे ३९८ नाहक अडकतात. एकूण पॉझिटिव्ह ४४७, त्यातले खरे आजारी ४९. म्हणजे जेमतेम ११ टक्के. चाचणी बिघडलेली नाही. ९८ टक्के हे आजाऱ्यांपैकी होते आणि आपण विचारत होतो पॉझिटिव्हपैकी. छेद बदलला, उत्तर पार बदललं.

याच गणिताला पुढचा प्रश्न स्वतःहून विचारा: त्या ४४७ जणांची आणखी एक चाचणी केली तर? दुसऱ्या चाचणीची अचूकता तेवढीच असेल आणि तिच्या चुकांचा पहिलीच्या चुकांशी काही संबंध नसेल, तर ४९ पैकी ४८ आणि ३९८ पैकी १६ उरतात. म्हणजे ६४ पैकी ४८, ७५ टक्के. पण ‘संबंध नसेल तर’ हे शब्द सोपे समजू नका. पहिली चाचणी ज्या कारणाने फसली त्याच कारणाने दुसरीही फसणार असेल, तर हा हिशेब कोसळतो.

गुणाकार कधी करायचा आणि कधी नाही, याची किंमत एका आईने मोजली आहे. इंग्लंडमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क यांच्यावर आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाचा खटला चालला. त्यांच्यासारख्या घरात एक बाळ अचानक, नैसर्गिकरीत्या दगावण्याचं प्रमाण ८,५४३ मध्ये एक असं धरून तज्ज्ञ साक्षीदाराने त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं आणि दोन्ही बाळं तशी जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक असल्याचं सांगितलं. पहिली चूक गुणाकाराची: एकाच घरातले दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे कुणी ठरवलं? आनुवंशिक कारण असू शकतं, घरातल्या परिस्थितीचं असू शकतं. दुसरी चूक छेदाची, आणि ती जास्त घातक. हा आकडा बरोबर असता तरी तो त्यांच्या निर्दोष असण्याची शक्यता नव्हता. दोन बाळं दगावलेल्या मोजक्या घरांपैकी किती घरांत नैसर्गिक कारण असतं आणि किती घरांत खून, हा खरा प्रश्न होता. आणि आईने दोन्ही बाळांचा खून करणं हेसुद्धा अतिशय विरळाच. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. खटल्यात दोषी ठरलेल्या सॅली क्लार्क यांची २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात सुटका झाली. ती मुख्यतः बचाव पक्षापासून दडून राहिलेल्या वैद्यकीय तपासण्या उजेडात आल्यामुळे.

इथवर आलात की संभाव्यतेचा पाया झाला. संख्याशास्त्रात शिरताना ‘कशापैकी?’च्या जोडीला दुसरा प्रश्न लागतो: हेच पुन्हा केलं असतं तर आकडा किती हलला असता?

हा प्रश्न डोक्यात नव्हे, हातात भिनावा लागतो. एक नाणं घ्या, १०० वेळा उडवा आणि छाप-काटा क्रमाने लिहून ठेवा. कंटाळा येईल, तरी करा. त्याआधी मात्र दुसऱ्या कागदावर मनानेच १०० छाप-काटे लिहून काढा, खरे वाटतील असे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. मनाने लिहिलेल्या यादीत सलग चारच्या वर सारखं काही बहुधा सापडणार नाही. पाचवी छाप लिहिताना आपला हात अडखळतो. खऱ्या नाण्याला तो संकोच नाही. १०० फेकींत कुठेतरी सलग पाच किंवा जास्त सारखे येण्याची शक्यता ९७ टक्क्यांच्या आसपास आहे, सलग सहा किंवा जास्तची ८० टक्क्यांच्या आसपास. योगायोग हा आपल्या कल्पनेपेक्षा बराच गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येतो. हे एकदा हाताला कळलं की सलग तीन महिने आकडा वाढला म्हणून कुणी टाळ्या वाजवायला लागलं की तुम्ही जरा थांबाल.

मी स्वतः थांबलो नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात सगळ्या यंत्रांची सदोष मालाच्या टक्केवारीनुसार यादी करून मी मोठ्या ऐटीत साहेबांपुढे ठेवली. वरची चार यंत्रं ‘आदर्श’, खालची चार ‘दुरुस्ती आवश्यक’. साहेबांनी यादी बघितली आणि एवढंच विचारलं, “यांनी प्रत्येकी नग किती काढले?” वरची चार आणि खालची चार, आठही यंत्रं क्वचित चालणारी होती, वीस-पंचवीस नग काढून बंद. रोज धडधडणारी यंत्रं सगळी मध्ये. हिशेब करून बघा. खरं प्रमाण सगळीकडे ५ टक्केच आहे असं धरलं, तरी २० नगांत एकही सदोष न निघण्याची शक्यता ३६ टक्के आहे, आणि तीन किंवा जास्त, म्हणजे १५ टक्के किंवा त्याहून जास्त, निघण्याची साडेसात टक्के. २,००० नग काढणारं यंत्र मात्र जवळजवळ नेहमीच ४ ते ६ टक्क्यांत राहणार. माझी यादी यंत्रांची गुणवत्ता दाखवतच नव्हती, नगांची संख्या दाखवत होती. आजही कुठल्याही क्रमवारीत पहिल्या आणि शेवटच्या जागा बघितल्या की मी आधी नमुना किती मोठा आहे ते बघतो.

यामागचा नियम वर्गमुळाचा आहे. नमुना चौपट केला तर सरासरीचं हलणं निम्मं होतं, चौथाई होत नाही. अचूकता महाग पडते ती यामुळेच.

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत याचं माप, एकदा तरी हाताने काढा. पाच आकडे पुरेत. ४, ६, ७, ७, ११ घ्या. सरासरी ७. फरक −३, −१, ०, ०, ४. त्यांचे वर्ग ९, १, ०, ०, १६, बेरीज २६. आता सगळ्यांना छळणारा प्रश्न: २६ ला ५ ने भागायचं की ४ ने? हे पाच आकडे एखाद्या मोठ्या समूहातून उचललेले असतील, तर त्या समूहाची खरी सरासरी आपल्याला माहीत नाही. समजा, ती ८ आहे. ८ पासूनचे फरक घेऊन वर्ग करा: १६, ४, १, १, ९, बेरीज ३१. ६ धरून करा, तीसुद्धा ३१ येते. कुठलाही दुसरा आकडा धरा, बेरीज २६ च्या वरच जाते, कारण नमुन्याची सरासरी त्याच नमुन्याला सर्वांत जवळ बसलेली असते. म्हणून २६ हा आकडा थोडा तुटपुंजा आहे; ५ ऐवजी ४ ने भागून ती तूट भरून काढतात. त्या भागाकाराचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ हे नाव नंतर शिका.

नमुना मोठा म्हणजे चांगला, असं मात्र समजू नका. १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतली होती; मंदीच्या काळात फोन-मोटारवाले कोण, हे सांगायला नको. शिवाय ज्यांनी कष्ट घेऊन पत्रिका परत पाठवली ते आणि ज्यांनी नाही पाठवली ते, दोघं सारखे नव्हते. वर्गमुळाचा नियम नशिबाने होणारं हलणं कमी करतो. वाकडी यादी तो सरळ करत नाही.

पी-व्हॅल्यू हा शब्द तुम्हाला अहवालांत भेटतच असेल. ती शिकायला संख्याशास्त्रज्ञ फिशरचा चहाचा प्रयोग पुरेसा आहे, आणि सोडून दिलेलं कॉम्बिनेशन इथे परत येतं. एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मला चवीवरून सांगता येतं. आठ कप ठेवा, चार असे, चार तसे, क्रम सरमिसळ. त्यांनी ‘आधी दूध’वाले चार ओळखायचे. आठातून चार निवडायचे ७० मार्ग. निव्वळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त एक, म्हणजे दीड टक्क्याहून कमी. तीन किंवा जास्त बरोबर येण्याची? तीन बरोबर, एक चूक असे १६ मार्ग, अधिक तो एक: ७० पैकी १७, सुमारे २४ टक्के. चारही ओळखले तर दावा विचारात घेण्यासारखा; तीन ओळखले तर ते कुणालाही जमू शकतं. पी-व्हॅल्यू म्हणजे एवढंच: काहीही वेगळं घडत नसतं, तर निव्वळ योगायोगाने इतकं किंवा याहून ठळक दिसण्याची शक्यता. ‘दावा खोटा असण्याची शक्यता’ हा तिचा अर्थ नाही. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा छेद बदलणं, त्या आजाराच्या चाचणीसारखंच.

आणि कुठलंही सूत्र लावण्याआधी आलेख काढा. अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार संच दिले. चौघांच्या सरासऱ्या सारख्या, सहसंबंध (दोन राशी किती जोडीने हलतात याचं माप) जवळपास ०.८२, बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी रेषाही तीच. आलेख काढले तर एक साधा पसरलेला, दुसरा कमानीसारखा, तिसऱ्यात एक बिंदू रांग सोडून पळालेला, चौथ्यात एका दूरच्या बिंदूने सगळी रेषा एकट्याने पेललेली.

वेळेचं म्हणाल तर रोज अर्धा-पाऊण तास दिलात तर चार महिने धरा. पहिला दीड महिना याद्या, फासे, नाणी आणि १०,००० माणसांचे तक्ते. पुढचा महिना सरासरी, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), विचलन आणि आलेख, तेही स्वतःच्या कामातल्या आकड्यांवर. उरलेला वेळ नमुना आणि चाचण्या. वितरणं, म्हणजे कुठला आकडा किती वेळा येईल याचे ठरलेले साचे, तीनच शिका: बायनॉमियल, पॉइसाँ, नॉर्मल. बाकीची नावं गरज पडेल तेव्हा. स्प्रेडशीटमधलं रँड हे योगायोगाचे आकडे देणारं फंक्शन वापरून फासे हजार वेळा टाकायला शिकलात तर अर्ध्याहून जास्त शंका तुम्हीच सोडवाल. कागदावर उत्तर काढायचं, मग संगणकाकडून फेकी करून घ्यायच्या, आणि दोन्ही जुळले नाहीत तर सगळ्यात आधी स्वतःच्या यादीवर संशय घ्यायचा.

कॅल्क्युलस इथपर्यंत कुठेच लागत नाही. ते लागेल नॉर्मल वक्राखालचं क्षेत्रफळ का मोजायचं हा प्रश्न पडेल तेव्हा, आणि तेव्हाही आधी फक्त एवढं कळावं लागतं की उंची, वजन, वेळ अशा गोष्टींत एका नेमक्या आकड्याची शक्यता शून्य असते, शक्यता असते ती दोन आकड्यांमधल्या पट्ट्याची. तो पट्टा आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून काढून बघा. मग इंटिग्रेशनचं पुस्तक उघडा.